तीन नावांची जागा

दोऱ्याला मोकळी जागा वाकडी पडलेली सहन व्हायची नाही. लग्नपत्रिका हातात आली की हा मजकुराआधी समास बघायचा. एखाद्या टपरीवरची पाटी एका अंगाला झुकलेली दिसली, तर चहा अर्धा टाकून टपरीवाल्याशी हुज्जत घालायला जायचा. खिशात कायम निळीत बुडवलेली सुतळी. ती ताणून मधे टिचकी मारली की पत्र्यावर सरळ रेघ उमटायची. त्या दोरीवरून त्याचं नाव दोऱ्या पडलं आणि खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

जालन्याला आम्ही चौघं कमर्शियल आर्ट शिकत होतो. फ्लेक्स यायच्या आधीची गोष्ट. आम्ही तिघं शहरातली, नोकरदारांची पोरं. दोऱ्या वडीगोद्रीजवळच्या खेड्यातला, माळकरी शेतकऱ्याचा मुलगा. शेवटच्या वर्षी खऱ्या गिऱ्हाइकाचं काम करून दाखवायचं होतं. वडीगोद्रीला हमरस्त्यावर 'हिरवळ' नावाचा बार निघत होता. पाटी, मेनूकार्ड, काडेपेटीवरचं चित्र, सगळं काम मी मिळवून आणलं आणि फुशारकीही मीच मारली.

"अक्षर जवळून समद्यांचंच चांगलं दिसतं. सडकंच्या पल्याडून बघ," हे दोऱ्याचं पालुपद. ट्रक हॉर्न मारत जायचे आणि आम्ही पलीकडे उभे राहून 'हिरवळ'मधला 'ळ' न्याहाळत बसायचो. मालक एकदा वैतागले.

"पोरांनो, गिऱ्हाइकाला आत यायचंय, अक्षर गिरवायचं न्हाई."

"मालक, 'ळ' लंगडा हाये. जल्दी करू नका," दोऱ्या म्हणाला आणि त्यानं तो तिसऱ्यांदा पुसला.

पेंटर लोक पाटीच्या तळाशी आपलं नाव टाकतात. दोऱ्यानं खालच्या पट्टीवर चौघांच्या नावांची जागा आखून घेतली, स्वतःचं सगळ्यात शेवटी. तेव्हा मला आठवलं, माझ्या वडिलांचे साहेब त्याच रस्त्यानं ये-जा करायचे. मी म्हटलं, "माझं नको." बाकीच्या दोघांनी लगेच माना डोलावल्या.

दोऱ्या सुतळी गुंडाळत म्हणाला, "ज्यानं ब्रश धरला त्यानं नाव टाकावं. उद्या या, मंग बघू."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही. तिघांपैकी कुणीच नाही.

पाटी लागून आठवडाही झाला नसेल, त्याचे वडील कॉलेजच्या वसतिगृहावर आले. एसटीच्या खिडकीतून त्यांनी पोराचं नाव वाचलं होतं. लांबून वाचता यावं असंच तर त्यानं ते लिहिलं होतं.

"दारूच्या दुकानावर घराचं नाव टाकलंस. संगं कोन व्हतं?"

आम्ही तिघं दोन हातांच्या अंतरावर उभे होतो.

"कोनी न्हाई, दादा. मी एकटाच व्हतो."

वडिलांनी त्याची ट्रंक उचलली. दोऱ्या आमच्याकडे न बघता त्यांच्या मागे गेला. लाज वाटायला हवी होती, पण मला वाटलं ते एवढंच, की सुटलो. परीक्षेला तो बसला नाही. पुढं शेतात कापूस करायला लागला.

नंतर तो भेटला एकदाच, माझ्या लग्नात. पत्रिका मीच केली होती. तिच्यावर बोट ठेवून म्हणाला, "डावीकडं समास कमी पडलाय." मी त्याची माफी मागणार होतो. तेवढ्यात पंगत बसली, वाढपी आले, आणि राहून गेलं.

गेल्या वर्षी विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून दोऱ्या गेला. दहाव्याहून परतताना मी 'हिरवळ'पाशी उतरलो. दर्शनी बाजूला आता फ्लेक्स आहे. जुनी पाटी मागच्या अंगाला, हात धुण्याच्या नळाशी आडोसा म्हणून ठोकलेली होती. रंग विटलेला, पण 'ळ' ठणठणीत. तळाशी दोऱ्याचं नाव पार उजव्या टोकाला होतं. त्याच्या डावीकडे तीन नावं मावतील एवढा कोरा पत्रा.

मालक आता थकलेत. माझ्याशेजारी येऊन म्हणाले, "मी म्हणलं व्हतं त्याला, नाव मधी घे, बराबर दिसंल. तर म्हणला, दोस्त येऊन राह्यलेत, जागा लागंल. दिवस मावळंस्तोर ब्रश घिऊन बसला व्हता."

मला काहीच वाटलं नाही. रडू येईल म्हणून थोडा वेळ थांबलो, तेही आलं नाही. खिशात मार्कर होता, धंद्यात लागतो म्हणून कायमच असतो. मी हात धुतले, नळ बंद केला आणि एसटी पकडली.