तूर कुणी भिजवली

मन्मथअप्पांना आज पूर्व आफ्रिकेत आणि आखातात लोक डाळीचे मोठे कारखानदार म्हणून ओळखतात. माझी त्यांची पहिली ओळख झाली ती बहात्तरच्या दुष्काळात, शिरूर अनंतपाळच्या बाहेर, खडी केंद्रावर. आम्ही दगड फोडत होतो. अप्पांच्या वडिलांचं गावात किराणा दुकान होतं, पण दुकानात ठेवायला मालच राहिला नाही तेव्हा दुकानदाराचा थोरला मुलगाही हातोडा घेऊन आमच्या शेजारी येऊन बसला. पहिल्याच दिवशी त्यांच्या तळहाताला असे फोड आले की हातोडा धरवेना. माझ्या आईने त्यावर चिंधी बांधली आणि आपल्या भाकरीतली अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. लिंगायताच्या घरचा मुलगा आमच्या बौद्ध वस्तीतल्या लोकांत बसून जेवला म्हणून गावात बोंब झाली. घरी त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं, ते अप्पांनी आजवर सांगितलेलं नाही.

भाकरी होती मिलोची. ती लाल, परदेशी ज्वारी ज्यांनी खाल्ली त्यांना तिची चव सांगायला नको. आम्ही नाकं मुरडत गिळत होतो आणि अप्पा मात्र दाणा बोटात धरून बघत होते. म्हणाले, "लिंबाजी, ही जवारी जहाजातनं यायली. म्हंजी तिकडं खाऊन उरायलंय बघ. उरतंय तिथं जायाला पायजे." मी म्हटलं, "आधी शिरूरच्या बाहेर तरी पडा." पडले की हो! बाहेर पडले ते असे की आज त्यांच्या अमृतमहोत्सवाचा ग्रंथ निघतो आहे आणि त्यात मला लिहायला सांगितलं आहे.

समितीने सोबत एक कागदही पाठवला. कार्य, मूल्यं, आठवणी, असं क्रमाने लिहा म्हणून. मी मिस्तरी माणूस, क्रम यंत्राला लावतो, बोलण्याला लागत नाही. शिवाय मला माहीत आहे, समितीला माझ्याकडून हवी आहे ती एकच गोष्ट, भिजलेल्या तुरीची. या ग्रंथातल्या अप्पांच्या जीवनपरिचयातही ती आहे. मिस्तरी सांगत होता तूर झाका, अप्पांनी ऐकलं नाही, पाऊस आला, सगळा माल गेला, आणि त्या दिवसापासून अप्पा हाताखालच्या माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. अप्पा स्वतः ही गोष्ट सभांमधून सांगत आले. तो शहाणा मिस्तरी म्हणजे मी. या गोष्टीवर चाळीस वर्षं मी मान मिळवला आहे, आणि त्याच गोष्टीबद्दल मला आज बोलायचं आहे.

दुष्काळ सरल्यावर अप्पा लातूरच्या एका आडत दुकानात लागले. तिथे येणाऱ्या एका दलालाच्या ओळखीने टांझानियाला गेले, एका दुकानात माल तोलायला. तिथे त्यांनी पाहिलं की तूर अमाप पिकते, पण डाळ कुणी करत नाही. ज्यांच्या दुकानात ते होते ते वयस्कर व्यापारी, त्यांना आम्ही काका म्हणत होतो. काकांनी आवार दिलं, तूर दिली, आणि पहिला माल चांगला निघाला तर अप्पांना भागीदार करून घेण्याचं कबूल केलं. मग अप्पा मिस्तरी शोधायला लातूरला आले.

तोवर लातूर नवा जिल्हा झाला होता. जिकडे तिकडे नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, आणि डाळ मिलांची तर नुसती धांदल. मी एका मिलमध्ये मशिनवर होतो. अप्पा थेट माझ्यापाशी आले. मिलवाल्यांनी त्यांना माझ्यासमोरच सांगितलं, "अप्पा, एवढ्या लांब न्यायचं तर आपल्यातला एखादा न्या. ह्या लोकाईचा काय भरवसा?" अप्पा म्हणाले, "तुमचं मशिन बंद पडल्यावर कुणाला हाक मारता?" माझ्या पासपोर्टावर जिल्हा लातूर लागला, अप्पांच्या जुन्या पासपोर्टावर उस्मानाबादच होता. तिकडच्या विमानतळावरच्या साहेबाला एका गावची दोन माणसं दोन जिल्ह्यांतली कशी, हे समजावता समजावता आम्ही बेजार झालो.

मला निरोप द्यायला अख्खी वस्ती लातूरच्या स्टँडवर आली होती. आमच्यातला विमानात बसणारा मी पहिलाच. बायांनी हार घातले, माझा बाप तर कंडक्टरलाही सांगत होता, "पोरगं आफ्रिकेला चाललंय."

आता ती तूर. डाळ करायची तर तुरीला आधी मशिनवर ओरखडे पाडायचे, मग तेल चोळायचं आणि चांगली तीन-चार दिवस उन्हात पसरायची. लातूरला हे काम सुगीनंतर चालतं. त्या दिवसांत आभाळाकडे बघायचं कारणच नसतं. आफ्रिकेतही आम्ही दिवाळी करून, काकांच्या आवारात पहिली तूर पसरली. सगळं आवार पिवळंधमक दिसत होतं आणि मी त्यातून अनवाणी फिरत होतो, लई ऐटीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा मालासाठी रेल्वेचा डबा ठरवायला शहरात निघाले. जाताना म्हणाले, "लिंबाजी, ताडपत्र्या काढून ठेव आणि दुपारी टाकून दे. हिकडचा पाऊस आपल्याला ठाऊक न्हाई." मी हसलो. म्हटलं, "अप्पा, दिवाळी झाली. आता मिरगापर्यंत कुठला पाऊस? तुम्ही जावा." तूर चाळायला येणाऱ्या बायांत आशा नावाची तिथलीच एक वयस्कर बाई होती. दुपारी तिनेही आभाळाकडे बोट केलं, "म्वुआ, म्वुआ" म्हणाली आणि पावसासारखी बोटं हलवून दाखवली. मला कळलं होतं. मी ऐकून घेतलं नाही. दुष्काळातून आलेला माणूस मी, पाऊस मागून मिळत नाही हे मला पक्कं ठाऊक. तो न मागता येईल हे डोक्यात शिरणार कसं? आणि खरं सांगायचं तर एका बाईने मिस्तरीला शिकवावं, हेही मला रुचलं नव्हतं.

तासाभरात असा पाऊस कोसळला की ताडपत्र्यांची गाठ सुटेपर्यंत आवारात घोट्याएवढं पाणी. आशाबाई आणि बाकीच्या बाया ओंजळींनी तूर भरत होत्या, मी वेड्यासारखा इकडून तिकडे धावत होतो. तूर वाहून गटारात गेली. उरली ती फुगली, पुढे तिला मोड आले आणि आंबूस वासाने आवारात उभं राहवेना.

अप्पा परतले तेव्हा काका आवारात उभे होते, मी एका पोत्यावर बसलो होतो. माझ्या डोळ्यांपुढे लातूरचं स्टँड आलं. दोन महिन्यांत परत जायचं, बापाला तोंड दाखवायचं, आणि मिलवाले म्हणणार, सांगितलं नव्हतं का? काकांनी विचारलं, "उघड्यावर ठेवायला कुणी सांगितलं?"

अप्पांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. म्हणाले, "मी. मिस्तरी म्हणत होता ताडपत्र्या टाकू म्हणून. मीच नको म्हणालो."

मी तोंड उघडलं होतं, आईशपथ सांगतो. शब्द आला नाही.

काकांनी भागीदारी लांबवली. अप्पा पुन्हा त्यांच्या दुकानात काट्यावर उभे राहिले, तेही दोन वर्षं. मला मात्र काकांनी ठेवून घेतलं, मिस्तरी शहाणा आहे म्हणून! त्या काळात शिरूरला अप्पांच्या धाकट्या बहिणीचं, शांताक्कांचं लग्न झालं. वडील तोवर गेले होते, भावानेच मामांशेजारी उभं राहायचं. अप्पांना जाता आलं नाही. लग्नाच्या दिवशी ते दुकानात खिळे तोलत होते, आणि मी समोरच्या आवारात मशिनला तेल देत होतो.

मी एकदाच त्यांना विचारलं, असं का केलंत. ते म्हणाले, "मला कोण हाकलणार होतं? लई तर पुन्हा काट्यावर उभं केलं असतं. तुला हाकललं असतं तर तुमच्या वस्तीतला माणूस पुन्हा कुणी नेला नसता." आणि वर दरडावलं, "आता गप काम कर." आज आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरांतली मुलं अप्पांच्या कारखान्यांत मिस्तरी आहेत, दोघे तर मॅनेजर आहेत. माझी मुलगी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियर झाली. तिला कौतुकाने जवळ बसवून अप्पांनी सांगितलं काय, तर तीच गोष्ट. "तुझ्या बापाचं ऐकलं न्हाई म्हणून बुडालो बघ." मुलगी माझ्याकडे अभिमानाने बघत होती आणि मी चहाच्या कपात बघत होतो.

गौरवग्रंथात सगळं गोडच लिहावं अशी रीत आहे, पण अप्पांची तूर बोटीने आली की इकडे भाव पडतो ही ओरड खोटी नव्हती. हदगावला एका मेळाव्यात एका म्हाताऱ्या शेतकरणीने त्यांना भर सभेत झापलं, "आमच्याच मातीतला तू, आमच्याच तोंडात माती घालायलास व्हय?" संयोजक तिला खाली बसवायला धावले. अप्पांनी त्यांना थांबवलं, आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तिचं सगळं ऐकलं. इकडच्या शेतकऱ्यांची तूर बाजारात येते त्या महिन्यांत बोट भरायची नाही, हा नियम त्यांनी त्यानंतर केला आणि पाळला. लोक म्हणतात, हे ऐकणं अप्पा त्या भिजलेल्या तुरीतून शिकले. तसं नाही. ते आधीपासूनच ऐकत होते. तिकडचा पाऊस आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शिकायला पाहिजे होतं ते मी.

समितीचं पत्र आल्यावर मी आठ दिवस पेन हातात धरलं नाही. मग शिरूरला गेलो, शांताक्कांकडे. अप्पांना त्या अण्णा म्हणतात. मागे एकदा त्यांच्या घरी जेवताना त्या मला वाढता वाढता म्हणाल्या होत्या, "मिस्तरी, तुमचं ऐकलं असतं तर अण्णा माझ्या अक्षतेला आला असता." मी मान खाली घालून भाकरी खाल्ली होती. तो घास अजून उतरलेला नाही.

या वेळी मी जेवायला बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. अक्का पदराचा काठ चाचपत ऐकत होत्या. मग एकदम उसळल्या, "मायला, चाळीस वर्सं मी अण्णाला बोल लावला! भाऊबीजेला आला की दर खेपेला टोचलं. तो हसायचा नुसता. आणि तुम्ही? माझी भाकरी खाताना तोंड शिवलं होतं का?" त्या रडल्या, मीही रडलो. लाज कशाची आता या वयात? शेवटी त्यांनी ताट वाढलं, माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "लिहा. समद्यांना वाचू द्या. नाही लिहिलं तर पुन्हा ह्या उंबऱ्यात येऊ नका." म्हणून हा लेख.

दुसऱ्या दिवशी अप्पांचा फोन आला. अक्कांनी त्यांना सांगितलं होतं. "कामून सांगितलास रे? चांगली गोष्ट होती, लोक हसायचे." मी म्हटलं, "तुमच्यावर हसायचे." ते म्हणाले, "शांता फोनवर लई रडली. पण आज पहिल्यांदा तिनं टोमणा मारला न्हाई."

अप्पा, या ग्रंथात तुमच्याबद्दल पुष्कळ मोठं लिहिलं जाईल आणि ते सगळं खरं असेल. माझं एवढंच मागणं आहे. माझी चूक तुम्ही तरुणपणी उचलली ती आता माझी मला परत द्या. तुमच्या खांद्यावर ती फार दिवस राहिली. तुमचे गुडघे धड राहोत, साखर ताब्यात राहो, शांताक्कांच्या हातची भाकरी तुम्हाला शंभरीपर्यंत पचत राहो. सभेत उभं राहून ही गोष्ट सांगायला अजून खूप वर्षं तुम्हाला मिळोत. सांगताना तसेच खदखदून हसा, अप्पा. फक्त आता माझ्यावर हसा.