जाळी बसवल्याचे सहा फोटो

ती घटना आठवली की आजही आधी चीड येते आणि तिच्या मागून लाज.

औरंगाबादबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतील एका ठाण्यात मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच सरकारी दवाखान्यातून खबर आली. पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामगाराचा उजवा पंजा प्रेसखाली सापडला होता. पिशोरकडचा, पंचविशीतला तरुण. चार बोटे गेली.

जबाब घ्यायला गेलो, तर कारखान्याचा व्यवस्थापक माझ्याआधी हजर.

"त्याचाच निष्काळजीपणा साहेब. माल जास्त निघावा म्हणून मशीनची जाळी काढून ठेवली. जाळी असती तर हात आत गेलाच नसता."

खाटेवरचा तरुण म्हणाला, "जाळी काढली नाय साहेब. काढायला ती व्हती कुठं?"

सगळा तपास या एका प्रश्नावर अवलंबून होता. जाळी त्याने काढली असे ठरले, की नोकरी जाणार आणि 'हावरेपणानं हात घालवला' हे बोलणे गावात जन्मभर चिकटणार.

पंचनाम्याला गेलो. सहा प्रेस, जाळी एकाच प्रेसला.

"बाकीच्या?"

"कामगार काढून ठेवतात साहेब. एकाचं पाहून दुसरा."

"काढलेल्या कुठे आहेत?"

"शोधायला सांगतो."

आणि व्यवस्थापकाने फाईल पुढे केली. सुरक्षा तपासणीत सहाही जाळ्या मोडक्या आढळल्याने काढायला लावल्या होत्या. शेजारच्या रकान्यात 'पूर्तता झाली', खाली सह्या, शिक्के आणि नव्या जाळ्या बसवलेल्या सहा मशीनचे सहा फोटो. फोटो कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले, पण मशीनचे फोटो सगळे सारखेच दिसतात, म्हणून मी तो विचार सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. "साहेब, फोटोतल्या मशिनी नीट पाहा," एवढेच बोलून त्या माणसाने फोन ठेवला. मी दुपारभर पाहत बसलो. सहा फोटो, प्रत्येकाखाली वेगळा क्रमांक. वैतागून फाईल आपटली, तेव्हा आमच्या हवालदार बाईंनी ती उचलली.

"साहेब, ह्या मशिनी खंडेनवमीला पुजल्यात. कुंकवाची बोटं दिसतात बघा."

"मग? दरवर्षी पुजतात."

"पुजतात, पण हे मधलं बोट खाली ओघळलंय. सहाही मशिनींवर तेच बोट, तेवढंच ओघळलंय. घरात इतकी वर्षं पूजा करते मी. दोन उंबऱ्यांवर सारखं कुंकू कधी उमटलं नाय माझ्याच्यानं!"

कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला बोलावले. मवाळ, चष्मा पुसत बोलणारा माणूस. आवाज चढवावा लागला नाही. मी फोटो ओळीने मांडले आणि गप्प बसलो. माझा अनुभव असा, की कागदी माणसाला शांतता सोसत नाही.

"मुदत संपायला दोन दिवस उरले होते साहेब, आणि जाळी आली एकच. तेवढ्याच मशीनचे सहा फोटो काढले. रकाना रिकामा ठेवला असता तर वरून विचारणा झाली असती. बाकीच्या येणारच होत्या. आल्याही."

"आल्या? मग आहेत कुठे?"

"स्टोअरमध्ये."

"चार महिने?"

"बसवायला कामाचा आदेश लागतो. आदेश निघायला मुद्दा प्रलंबित लागतो. आमचा मुद्दा तर पूर्ण झालेला."

हवालदार बाई म्हणाल्या, "म्हंजी पेटी उघडायची नाय, कारण ती कागदावर उघडून झालीय!"

स्टोअरमध्ये पाच खोकी निघाली. चिकटपट्टीसुद्धा सुटलेली नव्हती. व्यवस्थापकाने सुरक्षा अधिकाऱ्याकडे बोट दाखवले, त्याने स्टोअरकडे. तपासणी करणाऱ्यांनी तर कागद आल्यावर मुद्दा बंद केला होता, जागेवर कुणीच आले नव्हते. मी सगळ्यांवर यथेच्छ ओरडलो. एका माणसालाही उठून शंभर पावले चालावेसे वाटले नाही?

दोन दिवसांनी हवालदार बाईंनी एक जुना कागद माझ्यापुढे ठेवला आणि बाहेर गेल्या.

अपघाताच्या तीन महिने आधी आमच्याच ठाण्यात आलेला निनावी अर्ज होता तो. 'प्रेसला जाळ्या नाहीत, कुणाचा तरी हात जाईल.' त्यावर मी कारखान्याला पत्र धाडून खुलासा मागवला होता. खुलाशाला तेच सहा फोटो जोडलेले. आणि खाली माझा शेरा : 'पाहिले. दप्तरी दाखल.' कारखाना ठाण्यापासून दहा मिनिटांवर होता.

हा अर्ज दोषारोपपत्राला जोडला तर तरुणावरचा उरलासुरला आळही पुसला जात होता. माझी सहीही कोर्टापुढे जात होती. खोटे कशाला सांगू, दोन दिवस तो कागद माझ्या खणात राहिला. शेवटी अर्ज कुणी लिहिला ते विचारायच्या निमित्ताने मी दवाखान्यात गेलो. तरुणाने डाव्या हाताने कागद धरून वाचला.

"अक्षर माझंच हाय साहेब," तो म्हणाला. "आता असं यायचं नाय."

माझा शेरा त्याने वाचला असणार. कागद त्याने माझ्याकडे परत सरकवला.

त्याच दिवशी अर्ज जोडला. त्याच्यावरचा दोष गेला. मला खुलासा द्यावा लागला, ठपका आला, आणि तो कमीच होता. पुढे नोकरीत 'पूर्तता झाली' असे कुठेही वाचले, की मी टोपी उचलून जागेवर जायचो. लोक वैतागायचे. वैतागू देत. मात्र त्या शेऱ्यातला 'पाहिले' हा शब्द मला अजून खोडता आलेला नाही. मी खरोखरच पाहिले होते, सहाही फोटो. कुंकवासकट.