मामाजींसमोर सिनेमाची पेशी

आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग असायचा. चुलीसाठी एक काडी ओढावी, तर सोबत चार निघायच्या. आमच्या सिनेमाच्या किश्श्यांचं तसंच आहे. आजही जाऊबाई भेटल्या आणि 'तो फुटाण्याचा सिनेमा आठवते काय गं?' एवढंच म्हणाल्या, की चुलीवरची भाजी करपलीच समजा!

गंमत म्हणजे सिनेमे आम्हाला अर्धेमुर्धेच आठवतात. आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. कारण सिनेमा तंबूत व्हायचा आणि त्याचा निकाल आमच्या ओसरीवर लागायचा.

मी लग्न होऊन मारेगावात आले तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. दिवाळीनंतर कापूस निघू लागला की बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. सासूबाई, मोठ्या जाऊ वत्सलाबाई, मी आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरची सोनाबाई, अशी आमची चौकडी. सोनाबाईचं वावर आमच्या वावराला लागून. तिच्या घरच्या जुन्या माणसांनी बैलांवर माल लादून मुलूख पालथा घातलेला, पण सोनाबाईची धाव आमच्यासोबत तंबूपर्यंत.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. त्यांचा नियम एकच. सिनेमाला खुशाल जा, पण सकाळी ओसरीवर येऊन काय पाहिलं आणि कसं वाटलं ते सांगा. पटलं तर पुढचा सिनेमा. नाही पटलं तर 'तंबू बंद!' सोनाबाई या प्रकाराला कोर्टातल्यासारखं 'पेशी' म्हणायची. मामाजी अडकित्त्यानं कट् कट् सुपारी कातरत बसायचे. चौघींनी मिळून हसत-बोलत घराबाहेर पडायचं ते तेवढंच. तेही गेलं असतं तर उरलं काय? चूल आणि विहीर!

मामाजी स्वतः? छे! "थे पडद्यावरचे सोंगं मी पाहू?" सिनेमाच्या दिवशी घोंगडी आणि काठी घेऊन ते पीक राखायला, जागलीला, शेतात निघून जायचे. "थो भोंगा कानात बसते," म्हणायचे. "त्यापरीस जवारीतले डुकरं हाकलीन."

*

पहिली पेशी देवादिकांच्या सिनेमाची. आम्ही निवांत होतो. देवाच्या सिनेमाला कोण नाव ठेवणार?

"कसा होता?" मामाजींनी विचारलं.

"देवळात गेल्यासारखं वाटलं," सासूबाई म्हणाल्या. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण नाही! "साऱ्या बायायनं हात जोडले. आरती बी झाली."

अडकित्ता थांबला. "आरती झाली? मंग प्रसाद कुठं हाय?"

झालं! वत्सलाबाईंनी माझा हात घट्ट धरला. आरती झाली ती पडद्यावर, प्रसाद कुठून आणायचा? सासूबाई शांतपणे आत गेल्या आणि कागदाची एक पुडी घेऊन आल्या. इंटरव्हलमध्ये घेतलेले फुटाणे त्यात उरले होते.

मामाजींनी पुडी कपाळाला लावली, डोळे मिटले आणि फुटाणे तोंडात टाकले. मग म्हणाले, "देव तिखट दिसते."

*

नंतर एक रडका सिनेमा आला. त्यातल्या नायिकेवर इतकी संकटं आली, की आमचे पदर ओले झाले. सकाळी चौघींचे डोळे सुजलेले. मामाजी एकेकीच्या तोंडाकडे बघत होते.

"घरी काय रडू येत नाई, तं तिकीट काढून रडता?" त्यांचा आवाज चढला. "मी काय तुमाले कमी-जास्त करतो काय? लोक काय म्हनन?"

आता तंबू बंद होणार! तेवढ्यात सोनाबाई पुढं सरली. ती परकी, त्यामुळं तिला मामाजींशी बोलायची मुभा जास्त.

"काकाजी, भल्ला वंगाळ सिनेमा होता! असा सिनेमा कोणी पाहूच नाई!"

"पाह्य! हे आहे शहाणी!" मामाजी खूश झाले. "मंग आता नाई ना जात?"

"जा लागते नं काकाजी! रडण्यापायी अर्धा सिनेमा दिसलाच नाई!"

मामाजी हसणार नाहीत याची खात्री होती, आणि ते हसले नाहीतच. पण खोकल्याची उबळ आल्यासारखं करून आत गेले. आम्ही तो सिनेमा पुन्हा पाहिला, पुन्हा रडलो.

*

एकदा ऑपरेटरनं रिळांची अदलाबदल केली. हे आम्हाला फार नंतर कळलं. त्या दिवशी मात्र आम्ही जे दिसलं ते भक्तिभावानं पाहिलं.

सकाळी स्टोरी सांगायची पाळी वत्सलाबाईंची. वत्सलाबाई खोटं बोलायला जितक्या घाबरायच्या, तितक्याच खरं बोलायलाही घाबरायच्या.

"थो हिरो... थो मेला," त्या म्हणाल्या. "त्याले जाळलं."

"मंग?"

"मंग त्याचं लगन झालं."

अडकित्ता सुपारीवर तसाच राहिला. मामाजींना वाटणार, या बायका आपली टिंगल करताहेत. टिंगल केलेली त्यांना अजिबात खपायची नाही. मागं एका पाहुण्यानं त्यांच्या पागोट्यावरून थट्टा केली, तर त्याला जेवणावरून उठवलं होतं!

मामाजींनी ती सुपारी कातरून तोंडात टाकली. मग हळूच म्हणाले, "हाव. तसंच झालं असन."

पास! कसे काय पास झालो, ते काही कळलं नाही. देवाची कृपा म्हटलं आणि कामाला लागलो.

*

पण त्यानंतरच्या सिनेमात मी घात केला. त्यात क्लबातला नाच होता. असलं काही मामाजींना सांगायची सोय नव्हती, म्हणून नाच आला तेव्हा आम्ही डोळे मिटले होते असं सांगायचं ठरलं.

"साऱ्याच्या साऱ्यायनं डोळे मिटले?" मामाजींनी विचारलं.

"हो मामाजी," मी म्हटलं.

"मंग सूनबाई, आज सकाई भांडे घासता घासता कोनतं गानं म्हनून राह्यलती तू?"

डोळे मिटले तरी कान उघडे असतात, हे तेव्हा सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही. सासूबाई मधे पडल्या. "ती नाई, मी म्हनत होती."

"तू? म्हन बरं."

सासूबाईंनी जन्मात गाणं म्हटलेलं नव्हतं. त्यांना आरतीची एक चाल यायची आणि भूपाळीची एक. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला, हात जोडले आणि ते क्लबातलं गाणं आरतीच्या चालीत सुरू केलं! सोनाबाई "याडी गं!" म्हणत खांबामागं गेली. तिच्या बोलीत याडी म्हणजे आई. मला रडावं की हसावं ते कळेना.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बस कर. शेजारी नारळ घेऊन येतीन."

*

खरा वांधा झाला तो तलवारीच्या सिनेमानं.

आमच्या तंबूत पडदा मधोमध असायचा. समोर एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. ज्यांना समोरचं तिकीट परवडत नसे किंवा ज्यांना चारचौघांत दिसायचं नसे, ते स्वस्तातलं तिकीट काढून पडद्याच्या मागं बसायचे. मागून सगळं उलटं दिसतं. उजवं ते डावं आणि डावं ते उजवं.

सोनाबाईचा नवरा रामजी कायम मागं बसणारा. सिनेमा सुटल्यावर तो म्हणाला, "काय तलवार चालवते! अन् थे बी डाव्या हातानं!" समोर बसलेला एक जण म्हणाला, "डाव्या? पागल झाला काय? उजव्या हातानं चालवली!" मागचे सारे रामजीच्या बाजूनं, समोरचे सारे याच्या बाजूनं. बाचाबाची झाली, मग गचांडी धरली, मग कोणीतरी बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसली. आम्ही चौघी तंबूच्या दोराला धरून उभ्या!

शेवटी तंबूवाल्यानं रीळ पुन्हा लावलं आणि रामजीला पडद्याच्या दोन्ही बाजूंना फिरवून दाखवलं. रामजीला पटलं, पण तो माघार घेईना. "समोरच्यायसाठी उजव्या हातानं चालवली असन. मी तिकीट मागचं काढलं. माह्यासाठी डाव्याच हातानं!"

सकाळी मामाजींनी कोणाला काही विचारलंच नाही. "तंबूत उभाऱ्या निघून राह्यल्या," ते म्हणाले. "आता एक जरी वंगाळ सिनेमा निघाला, तं तंबू बंद. या सालापुरता नाई. कायमचा."

*

आणि नेमका शेवटी आला तो सुनेचा सिनेमा.

त्यातली सून शिकलेली. सासऱ्याला ते खपत नाही, तो घालूनपाडून बोलतो. एक दिवस ती घर सोडून जाते आणि मास्तरीण होते. पुढं सासऱ्याचे दिवस फिरतात आणि तो उपाशीपोटी तिच्याच दारात येतो. ती काही न बोलता पाट मांडते आणि त्याला जेवू वाढते. मी सातवी पास होते. माझी शाळा लग्नासाठी सुटली होती. तो सिनेमा पाहताना मला रडूही आलं नाही, नुसती छाती भरून आली.

सकाळी ओसरीवर आलो, तर शेजारचे किसनराव मामाजींच्या कानाला लागून उठत होते. "सुना बिघडवाचे धंदे आहे, पाटील! घर सोडून जाते थे!" एवढं बोलून ते गेले.

मामाजींनी अडकित्ता खाली ठेवला. तो ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"सूनबाई, तू सांग. कसा होता?"

वत्सलाबाईंनी मागून चिमटा घेतला. ठरलं होतं ते असं, की सून घर सोडत नाही, माहेरी जाते आणि परत येते, एवढंच सांगायचं. तोंड उघडलं आणि मला ते सांगवेना. इतके सिनेमे खोटं बोलून वाचवले होते, पण हा सिनेमा खोटा करायला जीभ उचलली नाही.

"चांगला होता, मामाजी. ती घर सोडून गेली. तरी मला आवडली."

गेला, आमचा तंबू गेला! सोनाबाईनं डोळे मिटले. मामाजींच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसत होती.

"आवडली?" ते गरजले. "काय आवडलं तिच्यातलं? घर सोडलं, ठीक आहे. थो सासराच बैताड होता, मीबी असतो तं सोडलं असतं! पन म्हातारा उपाशी दारात आला, पाटावर बसला, अन् थे त्याले भाकर वाढते, तं डाव्या हातानं? सासऱ्याले कोनी डाव्या हातानं वाढते काय?"

आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. चौघींनीही तिला उजव्या हातानं वाढताना पाहिलं होतं.

सासूबाई उठल्या. आतून चहाची कपबशी आणली आणि उजव्या हातानं त्यांच्यापुढं ठेवली.

"काल जागलीवर डुकरं आल्ते काय वो?"

मामाजींनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. एक लांब घोट घेतला.

"पुढच्या साली तंबू आला का जाजा," ते म्हणाले. "डुकरायचं मी पाहून घेईन."