पालीच्या पायाचं लेबल

मधुकर परबांच्या नावाची पाल जगात येणार होती, आणि त्यापायी या माणसाची भूक मेली होती.

बायकोची, नलिनीची, मात्र झकास करमणूक चालली होती. लोकांचां नाव रस्त्याक देतत, आमच्यांचां पालीक, असं ती भांडुपच्या अख्ख्या चाळीत सांगून आली होती. परब हसायचे आणि ताटातला भात तसाच टाकून उठायचे.

निवृत्त होईपर्यंत ते मुलुंडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. नमुन्यांच्या बाटल्यांतलं अल्कोहोल बदलायचं, पालींच्या मागच्या पायाला दोऱ्याने लेबल बांधायचं, हे काम. शिक्षण दहावी, पण नजर अशी की प्रोफेसरांनी विचारावं. आपल्या घरातल्या पालीच्या डोळ्यातली बाहुली उभी चिरेसारखी. घाटातल्या सदाहरित जंगलातल्या बोटभर पालींची गोल. बोटांखाली रुंद गाद्या नाहीत, नुसती नखं. नराच्या मांडीवर बारीक छिद्रांची रांग असते, ती मोजून जात ठरवायला मदत होते. पीएचडी करणाऱ्या गार्गीला ती छिद्रं भिंगाखाली मोजायला परबांनीच शिकवलं होतं.

त्याच गार्गीला जुन्या बाटलीत एक नर सापडला. छिद्रं चारच, पाठीवरचे खवले खरखरीत, छातीवरचे गुळगुळीत. पालींचा गट ओळखीचा, पण जात कुठल्याच यादीत बसेना. लेबलवर परबांचं वळणदार अक्षर: आंबोली. पोरगी दोन पावसाळे आंबोली पालथी घालून आली. पाल नाही, जळवा तेवढ्या मिळाल्या. पायांवर डागच डाग. शेवटी तिने जुन्या नमुन्यावरच शोधनिबंध लिहिला आणि नव्या जातीला परबकाकांचं नाव दिलं. शुक्रवारी तो छापायला पाठवायचा होता.

अहो, मिळणार कशी? सोळा वर्षांपूर्वी कॉलेजात तपासणीची कमिटी येणार म्हणून धावपळ होती. घाईत परबांनी आंबोलीची आणि कोयनेची बाटली एकाच ट्रेमध्ये ओतली. दोरे कुजलेले, दोन्ही लेबलं सुटली. एक नर, एक मादी, दोन्ही करड्या. रजिस्टरमध्ये नुसतं 'पाल, एक' लिहिलेलं. कुठली कुठून आली, कळायला मार्ग नव्हता. साहेबांना सांगितलं असतं तर चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते, बस. त्याऐवजी परबांनी अंदाजाने लेबलं बांधली आणि चहा प्यायला गेले.

गुरुवारी सकाळी ते लॅबमध्ये आले आणि उभ्याउभ्याच बोलले.

"गार्गी, ती पाल आंबोलीची नसेलही. लेबलं सुटली होती. मी अंदाजाने बांधली."

गार्गीने लॅपटॉप हळूच बंद केला.

"मी दोनदा जाऊन आले, काका. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली. सगळ्यांत जास्त विश्वास तूच ठेवायचीस."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं परबांना वाटलं. तिने कपाटातून दोन्ही बाटल्या काढल्या, कोरी लेबलं आणि शाईचं पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

"तुम्हीच लिहा. अक्षर तुमचं चांगलं आहे."

परबांनी दोन्ही लेबलांवर लिहिलं: ठिकाण माहीत नाही. शाई वाळेपर्यंत ते त्याकडे बघत राहिले. सोळा वर्षांपूर्वी एवढंच लिहायचं होतं.