घागर रांगेत, मी लिंबाखाली

लातुरात चित्र कुणी शिकवलं असं कुणी विचारलं, की मी खानावळीच्या मावशींकडं बोट दाखवतो. त्यांनी कधी ब्रश हातात धरला नाही. त्यांनी माझी घागर सरकवली, एवढंच. पण तेवढ्यावर मी इथं राहिलो.

मी नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरकडचा. दुष्काळात वडील खडी फोडायला गेले, आठवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. नांदेडमार्गे लातूरला एका पेंटरच्या हाताखाली आलो. जिल्हा नवा झालेला. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहायचं काम चहूकडं निघालेलं. अक्षरं मला बरी जमायची. तरी आपल्याला परत पाठवतील ही धास्ती कायम असायची. परत जाणं म्हणजे वडिलांच्या भाकरीत वाटेकरी होणं.

अशात स्टँडजवळच्या हॉटेलवाल्यानं भिंतीवर देखावा मागितला. "धबधबा काढा. गिऱ्हाइकाला बघूनच गार वाटलं पाहिजे." पेंटर पाट्यांत गुंतलेले. मला म्हणाले, "बाजाराच्या दिवसापर्यंत भिंत तुझी. जमली तर राहा. न्हाई तर नांदेडची गाडी धर."

देखावा शाळेपासून पाठ होता. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, झोपडी, नारळाचं झाड, आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी. खानावळीच्या ओट्यावर कोळशानं तसाच, नदीच्या जागी कॅलेंडरातला धबधबा घालून काढला आणि मावशींना दाखवला.

"नारळ हाय व्हय तुमच्याकडं?"

"न्हाई."

"मग हे कुठलं गाव?"

"देखावा हाय, मावशी. असाच काढतेत."

"हाव, देखावाच हाय," त्या म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली.

ते मला लागलं. कोळशाचे हात तसेच घेऊन जेवलो.

तेव्हा गावाबाहेरच्या विहिरीवर पहाटेपासून घागरींची रांग लागायची. खानावळीच्या पाण्यासाठी मी मावशींबरोबर जायचो. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी घागर आपल्या घागरीमागं लावली आणि म्हणाल्या, "जा, त्या लिंबाखाली बस. समोर हाय तेच काढ. घागर मी सरकवते."

मागच्या बाईनं टोकलं, "माणूस न्हाई अन् नुसतीच घागर रांगेत?"

"माणूस कामावर हाय."

"कसलं काम?"

"बघायचं."

बाया हसल्या. मी घाबरून लिंबाखालूनच आमच्याकडच्या बोलीत सांगितलं, "काढून राहिलो, मावशी."

"काढून राहिलो म्हणं," ती बाई म्हणाली. "ऱ्हा मग तिथंच."

पहिल्या दिवशी कागद कोराच राहिला. समोर उजाड काळं रान आणि एक बाभळ, त्यात काढायचं काय? पण रोज बसत गेलो तसं दिसत गेलं. सकाळी बांधाची सावली जांभळी असते. ऊन चढलं की काळी माती राखेसारखी होते. लांबची टेकडी जवळच्या ढेकळापेक्षा फिकी असते. एका सकाळी विहिरीच्या कडेचा काळा खडक काढता काढता हात थांबला. हा खडक माझ्या ओळखीचा होता. आमच्या सहस्रकुंडाचा धबधबा अशाच खडकावरून पडतो. लहानपणापासून बघितलेला, आणि मी कॅलेंडरातला धबधबा काढायला निघालो होतो.

भिंतीवर मी तोच काढला, उन्हाळ्यातला. भिंतभर काळा खडक आणि एका बाजूनं बारीक धार.

हॉटेलवाला म्हणाला, "धबधबा म्हणलो होतो मी. पाणी कुठाय ह्यात? लोकं घरी कोरडंच बघायलेत."

पेंटर ब्रश पुसत राहिले. मी मनात पिशवी भरायला लागलो.

तेवढ्यात चहा पिणारा एक ट्रकवाला बशी हातात घेऊनच भिंतीजवळ गेला. "हे सहस्रकुंड हाय. ह्या खडकावर बसून जेवलोय मी." त्यानं जागासुद्धा दाखवली. हॉटेलवाल्यानं पुन्हा बघितलं. मग म्हणाला, "राहू द्या."

निघताना पेंटर मला एवढंच म्हणाले, "उद्या तहसीलची पाटी हाय. लवकर ये."

मावशी नंतर भिंत बघायला आल्या, पदराला पीठ तसंच. "हे गाव कळतंय," म्हणाल्या.

आजही चित्राआधी मी रानात जाऊन बसतो. मावशींच्यानं आता घागर उचलत नाही. सहस्रकुंड त्यांनी त्या भिंतीवरच बघितलं. खानावळीच्या चुलीनं त्यांना कधी सोडलंच नाही. एका पावसाळ्यात मी त्यांना तिकडं नेणार आहे, धार भरून पडत असताना. काठावर सतरंजी टाकून बसवीन. त्यांनी नुसतं बघायचं. रांगेत काय असेल ते मी सरकवीन.