नवरीचा मामा आणि स्वतः ब्रेक मारणारी गाडी

माझी नवी गाडी माझ्यापेक्षा हुशार आहे, असं शोरूमवाल्याने मला तोंडावर सांगितलं, आणि मी त्याला पेढे दिले.

"सर, समोर काही आडवं आलं तर ही आपोआप ब्रेक मारते. तुम्ही भरकटलात तर स्टिअरिंग आपोआप सरळ करते. डुलकी लागली तर उठवतेसुद्धा!" (ते काम घरी माझी बायको सुनंदा करतेच, पण तिला आवाज कमी करायचं बटण नाही.)

जळगावात माझं पाइपांचं दुकान आहे. गाडी आल्यापासून येईल त्या गिऱ्हाइकाला मी आधी गाडी दाखवायचो आणि त्याने फारच घाई केली तर पाइप. तेव्हा रावेरच्या अक्काच्या मुलीचं, प्राचीचं लग्न ठरल्यावर मी जाहीर करून टाकलं, "भाची मंडपात जाईल ती माझ्याच गाडीतून!" लग्न होतं मुक्ताईनगरला. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा घेऊन येतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मला बहीण एक, भाची एक. म्हणजे हा मान आयुष्यात एकदाच! त्यासाठी मी सकाळीच गुलाबी फेटा बांधून घेतला होता.

आमचे दाजी केळीवाले. केळीवाल्याच्या घरचं लग्न म्हणजे जे जे उभं आहे त्याला केळीचे खांब बांधायचे. रावेरच्या घरी मंडपाला झाले, फाटकाला झाले, पाण्याच्या टाकीलाही झाले. मी चहा पिऊन बाहेर येतो तर माझ्या गाडीच्या नाकावर बांधलेले दोन बुटके खांब, मधे लोंबणाऱ्या पानांचं तोरण, झेंडूचा जाडजूड हार आणि वर नारळ!

"दाजी, मला रस्ता दिसेल ना?"

"तुले दिसीन रे! पानं तं खाली आहेत!"

मला दिसत होतं हो. गाडीला दिसत नव्हतं, हे कुणाच्या डोक्यात येणार?

वऱ्हाडाची बस दाजींसकट पुढे गेली. मागून माझ्या गाडीत नवरी, अक्का, सुनंदा आणि मी. गाव संपलं, रस्ता मोकळा मिळाला, मी ऐटीत वेग वाढवला. वाऱ्याने एक पान वर उडालं, आणि गाडीने किंचाळून असा ब्रेक मारला की प्राचीच्या मुंडावळ्या नाकावर, अक्काच्या मांडीवरचा अक्षतांचा डबा माझ्या मानेत आणि माझा फेटा डोळ्यांवर!

"काय आडवं आलं रे?" अक्का ओरडली.

"काही नाही."

"मंग बिरेक कायले मारला?"

"मी नाही मारला. गाडीने मारला."

"गाडीले पाय कुठी आहे?"

मी पुन्हा निघालो. पुन्हा पान उडालं, पुन्हा ब्रेक. त्यातच फेट्यामुळे गाडीला माझे डोळे दिसेनात, म्हणून तिला वाटलं मी झोपलो. टुंग टुंग वाजवत तिने पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र दाखवलं.

"पाह्य, तिले बी चहा लागते!" अक्का म्हणाली.

सुनंदाने शांतपणे निदान केलं. "अहो, तिला ती पानं म्हणजे भिंत वाटतेय. सोडून टाका ती."

"व माय!" अक्का कडाडली. "लग्नाच्या केळी वाटेत सोडता? नवरी बोहल्यावर चढायच्या आधी? मी मेल्यावर सोडा!"

आता उरला एकच मार्ग, तो म्हणजे ब्रेकची ती सोय बंद करणं. मी आत्मविश्वासाने पडद्यावर बोट ठेवलं. प्राचीच्या सीटखालून गरम हवा सुरू झाली. दुसरीकडे बोट ठेवलं, तर माझी सीट आडवी होऊन मी अक्काच्या मांडीवर. तिसऱ्यांदा वायपर सुरू झाले आणि काचेवरचं हळदीकुंकू धुऊन रस्त्याला लागलं. ब्रेक मात्र जिथल्या तिथे! गाडी हातभर जायची, दचकायची, थांबायची.

मागे हॉर्नची रांग लागली आणि एकेक ड्रायव्हर उतरून मत द्यायला आला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बॅटरीची वायर काढून पुन्हा लाव." धुळ्याकडचा एक काळी-पिवळीवाला गाडीभोवती फिरला, आत डोकावला आणि म्हणाला, "हाई गाडी नई शे भाऊ, सासू शे! काई करा, टोकसच!" तिसऱ्याचं मत होतं की जो ब्रेक आपण मारलाच नाही, त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

तेवढ्यात दाजींचा फोन. "कुठी आहे तुम्ही? भटजी घड्याळ दाखवून राह्यले!"

प्राचीचे डोळे भरून आले. "मामा, मला आजच लग्न करायचंय हो."

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. रांगेत केळीचे क्रेट भरलेली एक पिकअप होती. तिचा ड्रायव्हर सुपडूभाऊ पुढे आला. "ताई, चाला माह्या गाडीत. केळीच्या गाडीले केळीचं भेव नही!"

नवरी आणि अक्का पुढे बसल्या. सुनंदाही माझ्याकडे न बघता मागे क्रेटवर चढली. मी चढणार तोच सगळे ड्रायव्हर ओरडले, "अन् ही म्हैस रस्त्यातून कोण काढीन?" पिकअप नवरीला घेऊन निघून गेली, आणि गाडी ढकलायला मी आणि ते, असे सगळे लागलो. ढकलली, तर तिने हँडब्रेकही आपोआप लावलेला!

शेवटी सुटका केली ती बकऱ्यांनी. बाजूच्या शेतातून कळप आला आणि बघता बघता पानं, झेंडू, खांबांचे शेंडे फस्त! नारळ तेवढा उरला. मी भीतभीत गाडी सुरू केली. ब्रेक नाही, टुंग नाही, कप नाही! गाडी लोण्यासारखी निघाली आणि मी मुक्ताईनगर गाठलं.

बँडवाले वाद्यं पिशव्यांत भरत होते. मी धावत मंडपात शिरलो. बोहल्यावर हार घातलेली प्राची, आणि तिच्या पाठीशी, कुणाचा तरी फेटा डोक्यावर चढवलेला, डोळे पुसत उभा असलेला सुपडूभाऊ! भटजींनी "नवरीचा मामा कुठे?" असं दोनदा विचारल्यावर अक्काने वैतागून त्यालाच पुढे ढकललं होतं. जो नवरी आणतो तो मामा, असा हिशेब!

मला वाईट वाटलं. खरंच खूप वाईट वाटलं. पण प्राचीने मला पाहिलं आणि भर मंडपात ती इतकी हसली, की मुंडावळ्या पुन्हा नाकावर आल्या. मग मीही हसलो आणि सुपडूभाऊला मिठी मारली. त्याच्या फेट्याला केळीचा वास होता.

आता आमच्या घरच्या प्रत्येक लग्नाला सुपडूभाऊला सहकुटुंब आमंत्रण असतं. मलाही असतं. परवाच दाजींच्या पुतण्याची पत्रिका आली. त्यात 'कृपया आहेर आणू नये' असं छापलंय. फक्त माझ्या पत्रिकेवर त्याखाली अक्काने पेनाने एक ओळ वाढवली आहे: 'गाडी तर मुळीच आणू नये.'