सातवा आणि विसावा कागद

उधन्याच्या मिलमध्ये मी बावीस वर्षं कापड तपासतो. एक डोळा मिटायचा, दुसऱ्याला धागे मोजायचं भिंग लावायचं. आमच्याकडे एक रीत आहे. तपासून झालेल्या कापडाचा एखादा ताका खात्याचे मास्तर नवा नंबर लावून गुपचूप पुन्हा ढिगात सरकवतात. दोन्ही वेळी शेरा तोच आला तर चेकर खरा. ही रीत मुलीला मीच सांगितली होती.

ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते. कडेवरून दिसणाऱ्या दीर्घिकांच्या तबकड्या किती जाड असतात, हा तिचा प्रकल्प. वीस फोटो तिने उलटे छापून आणले, म्हणजे आकाश पांढरं आणि तारे काळे.

"पप्पा, कुठली कोणत्या प्रकारची ते सांगणार नाही. फक्त लांबी आणि जाडी मोजा."

पहिल्या रविवारी सात मोजले, पुढच्या रविवारी तेरा. मग तिने यादी उघडली. रेघेसारख्या बारीक होत्या त्या मधे फुगवटा नसलेल्या सर्पिल दीर्घिका. जाड होत्या त्या सर्पिल हात नसलेल्या, भिंगाच्या आकाराच्या.

"धक्के खाऊन खाऊन तारे वर-खाली पसरतात," ती म्हणाली. "इतकं हळू, की कधी सुरू झालं ते कळत नाही." मग तिने यादीवर बोट ठेवलं. "सात नंबर किती?"

"लांबी शहाण्णव मिलिमीटर, जाडी आठ."

"आणि वीस?"

"शहाण्णव, अकरा."

"पप्पा, सात आणि वीस एकच फोटो आहे."

"फोटो फुगना का काय?" दारातून बायको हसली.

मी पुन्हा भिंग लावलं. उजव्या डोळ्याने आठ. डाव्याने पाहिलं तर काळ्या रेघेवर करडी साय धरलेली, अकरा. डोळे बदलत राहिलो. दुपारच्या लख्ख उजेडात, आवाज न करता, ती रेघ फुगत होती आणि आटत होती. भिंग ठेवून डाव्या डोळ्याने दाराकडे पाहिलं. बायकोच्या कडेनेही तीच साय होती.

"काय व्हयनं?" ती आता हसत नव्हती.

उजवा डोळा पाणावला की मी भिंग डाव्याला लावू लागलो होतो. घरी, आणि मिलमध्येही. कधीपासून, ते आठवेना.

"वीस नंबर काढून टाकते," मुलगी हळूच म्हणाली. "मंगळवारी द्यायचंय. कुणाला कळणार नाही."

"आठपासून पुढचे सगळे काढ."

"मग सातच उरतील!"

"सात खरे उरतील. ते उजव्या डोळ्याचे. बाकीचे तू मोज."

सोमवारी ढिगाला हात लावण्याआधी मी मास्तरांपुढे उभा राहिलो. "मी पास केलेले ताके पुन्हा तपासून घ्या. दुसऱ्या कुणाकडून."

"कधीपासूनचे?"

"ते मला माहीत नाही."

त्यांनी माझ्या शेऱ्यांची वही पुढे ओढली. दोन्ही डोळे उघडे असूनही त्यांच्या खांद्यांवर मला ती करडी साय दिसत होती.